वेलांटी

जांभळी नाक्यापाशी, जिन्याच्या पोटात
माझं दुकान : एक पाट, एक दिवा, सुया.
अकरा ते एक समोरच्या भांडीवाल्याच्या
पातेल्यांवरून ऊन उसळून आत येतं,
तेवढ्यात जरीचं काम उरकते.
बाकी दिवसभर कोटांची भोकं,
शालींना लागलेली कसर.

मैथिली चेऊलकर घोडबंदरहून आल्या,
पिशवीतून पैठणी काढली, वांगी रंगाची.
पदरावर रावे, कमळं, आणि कोपऱ्यात
हिरव्या रेशमात तीन अक्षरं :
शिरीष.
म्हणाल्या, "हे काढायचंय, हमिदाबी.
अक्षराला किती घेता?"

मी भाव सांगितला नाही. पदर उलटा केला.
तिकडेही शिरीष,
आरशातला, पण तितकाच स्वच्छ.
पैठणीला पाठ नसते, बाई.
किनखाब असता तर मागचे सुटे धागे
कात्रीने कापून मोकळी झाले असते.
इथे प्रत्येक रंग आपल्या हद्दीपर्यंत जातो,
शेजारच्या धाग्यात अडकतो, मागे फिरतो.
येवल्यात कुणीतरी तिल्ली घालत, तिल्ली काढत
आठवडा घालवला असेल या एवढ्याशा कोपऱ्यावर.
हे उसवलं तर नाव जात नाही,
नावाच्या आकाराचं भोक राहतं.

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या,
आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.
मग : "जाळली तर चांदीचे पैसे येतात म्हणे."

येतात. मी पाहिलेत.
एक अख्खा शालू, आणि शेवटी
चिमटीत मावेल एवढी गोळी.
"महिना द्या," मी म्हटलं.

शिरोरेषेपासून सुरुवात केली.
ती निघाली की अक्षरं सैल पडतात,
एकमेकांना ओळखेनाशी होतात.
शि दोन दिवसांत गेला.
पोटफोड्या ष ने डोळ्यांतून पाणी काढलं,
त्या तिरक्या रेघेत विणकराने
रेशीम दुपदरी घातलं होतं, हातचं राखलं नव्हतं.
रिकाम्या उभ्या धाग्यांत जरी भरत गेले.
नवी जरी नाही. नवी फार बोलते.
सासऱ्यांच्या डब्यात जुन्या काठांतून सोडवलेली होती,
काळवंडायला टेकलेली. तीच इथे शोभली.

राहिला री.
सुई लावली आणि थांबले.
ती दीर्घ वेलांटी वर जाऊन अशी वळली होती
की शेजारच्या राव्याच्या चोचीत
अजून चार पानांनी पोचली असती.
मी पानं घातली.
खालच्या र चं देठ केलं.

त्या आल्या तेव्हा पातेल्यांचं ऊन होतं.
बोटाने कोपरा चाचपला,
वेलीवरून हळूच वर गेल्या,
चोचीपाशी थांबल्या.
"यातलं काही राहिलंय का?"
"राहिलंय," मी म्हटलं. "री आहे.
पण ओढायला आता फक्त रावा."
या वेळी हसल्या. खरंखुरं.

मग सगळ्यांना सांगते ते त्यांनाही सांगितलं.
हँगरला टांगू नका, जरीच्या भाराने रेशीम फाटतं.
धुतलेल्या मलमलीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घुसमटते.
नेसायच्या आधी अत्तर, नंतर नाही.
आणि तीन महिन्यांनी उघडून
घडी दुसरीकडे मोडा,
एकाच जागी दुमडत राहिलं
की कापड तिथेच जातं.

"नेसू कधी?" त्यांनी विचारलं,
जणू हेही मीच ठरवायचं.
"भाजी आणायला नेसा," म्हटलं. "तुमची आहे."

पावतीवर लिहिलं : पैठणी, एक. पदर, रफू.
त्यांनी तीन अक्षरांचे पैसे मोजून ठेवले.
एकाचे मी परत केले.